मोहरीवरील काळी अळी : सोळा पाय कीं बावीस?

रब्बीच्या आरंभीं मोहरी अथवा मुळा पेरावा, रोपांस दोन-चार पानें फुटावीं, वाफ्याकडे पाहून मन समाधान पावावें, आणि मग एखाद्या दिवशीं शेतावर जावें तों पानांची चाळण झालेली दिसावी, हा अनुभव ज्यांस आला नाहीं असे बागाईतदार थोडेच असतील. आणखी चार दिवस दुर्लक्ष झालें तर वाफा गुरांनीं चरल्यासारखा दिसूं लागतो. अशा वेळीं शेतकरी घाईनें बाजार गांठतो, "पानें खाणारी अळी पडली आहे" एवढेंच दुकानदारास सांगतो, आणि जें औषध पुढें येईल तें आणून फवारतो. अळी मात्र खातच राहते. 'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' ही आपली म्हण या प्रकारास अक्षरशः लागू पडते. कारण, जिला आपण काळी अळी म्हणतों ती दिसण्यांत पतंगाच्या अळीसारखी असली तरी पतंगाची नव्हे. ती एका माशीची अळी आहे, आणि ती माशी मधमाशी, गांधीलमाशी व मुंगी यांच्या गोत्रांतली आहे. हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. औषधाचा पैसा सार्थकीं लागणार कीं पाण्यांत जाणार, हें त्यावरच ठरतें.

प्रस्तुत लेखकासही हा धडा फुकट मिळालेला नाहीं. दहा गुंठे मुळा व त्याला लागूनच कोबी, असा मळा होता. कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी पडली, म्हणून बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूपासून केलेलें औषध, ज्यास व्यवहारांत 'बीटी' म्हणतात, तें आणून फवारलें. कोबी सुधारला. तेंच औषध उत्तम म्हणून मुळ्यावरील अळीवरही फवारलें. चौथ्या दिवशीं मुळ्याच्या पानांच्या शिराच काय त्या उरल्या. औषध भेसळीचें निघालें, असें म्हणून दुकानदारास दोष देऊन झाला, दुसरीकडून तेंच औषध नवीन आणून पुन्हां फवारलें, फळ तेंच. शेवटीं शेजारचे एक वृद्ध बागाईतदार बांधावर आले, त्यांनीं एक अळी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "अहो, औषधाला शिव्या देतां, पण हिचे पाय कधीं मोजलेत का?" पाय मोजले, तेव्हां चूक ध्यानांत आली. पण तोंवर मुळा गेला होता. दुसरी पेर केली. तींत पंधरवडा गेला, आणि ज्या बाजारावर भिस्त ठेविली होती तो बाजार हुकला.

किडीचें कूळ

या माशीस करवती माशी असें म्हणतात. शास्त्रीय परिभाषेंत मोहरीवरील जातीचें नांव ॲथालिया ल्युजेन्स प्रॉक्सिमा असें आहे. मादीच्या पोटाच्या टोकाशीं अंडीं घालण्याचें जें अंग असतें, त्यास करवतीसारखे सूक्ष्म दांते असतात. त्या करवतीनें ती पानाची कड चिरते व चिरेंत अंडें ठेवते. नांव पडलें तें यावरून. गांधीलमाशीस जशी बारीक कंबर असते तशी हिला नसते, आणि नांगीही नसते. त्यामुळें ती माणसास चावत वा डसत नाहीं. तथापि आप्तसंबंध लपत नाहीं. मधमाश्यांमध्यें फळ न धरलेल्या अंड्यांतून नर निपजतात. तोच प्रकार करवती माश्यांच्या कुळांतही आहे.

आपल्या देशांत ही कीड नवी नाहीं. पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनीं १९०६ सालीं हिंदुस्थानांतील पिकांच्या किडींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतही मोहरीवरील करवती माशीची गणना आहे. या कुळाचा विस्तार मोठा आहे. थंड देशांत गूजबेरीचीं झुडुपें व गुलाबाचे ताटवे यांचीं पानें खाऊन टाकणाऱ्या करवती माश्या प्रसिद्ध आहेत. आणि आपल्या मोहरीच्या माशीची एक सख्खी बहीण युरोपांत सलगमाच्या पिकावर पडते. आपल्याकडील जातीचा चरितार्थ मोहरी, मुळा, सलगम, कोबी, फुलकोबी अशा एकाच वर्गांतील वनस्पतींवर चालतो. त्यांतही मोहरी व मुळा यांची तिला विशेष आवड.

ओळख कशी पटवावी?

माशी सुमारें एक सेंटिमीटर लांबीची असते. अंग नारिंगी-पिवळें, डोकें व पाय काळपट, पंख धुरकट व त्यांवर काळ्या शिरा, असें तिचें रूप. अळी प्रथम हिरवट असते व वाढत जाईल तशी काळपट होते. पूर्ण वाढलेली अळी पाऊण इंचाहून थोडी कमी, म्हणजे १६ ते १८ मिलिमीटर भरते. अंगावर सुरकुत्या असतात व पाठीवरून पांच काळे पट्टे गेलेले असतात. पण रंगावर विसंबूं नये, कारण काळपट रंगाच्या पतंगाच्या अळ्याही असतात. खरी खूण पायांची.

अळी चिमट्यानें अथवा काडीनें उचलून पांढऱ्या कागदावर उताणी करावी. डोक्याजवळ छातीवर सांधे असलेले खरे पाय दिसतील. ते दोन्ही प्रकारच्या अळ्यांत तीनच जोड्या असतात. त्यांच्या मागें पोटाखालीं मांसल, आंखूड असे जे पोटपाय असतात, ते मोजावे. पतंगाच्या अळीस हे पोटपाय फार झाले तर पांच जोड्या असतात. उंट अळीस त्याहूनही कमी. म्हणजे पतंगाच्या अळीचे एकंदर पाय सोळाच्या वर जात नाहींत. करवती माशीच्या अळ्यांस पोटपाय सहा जोड्या वा त्यांहून अधिक असतात, आणि मोहरीवरील काळ्या अळीस तर ते आठ जोड्या असतात. छातीचे सहा व पोटाचे सोळा मिळून तिचे पाय बावीस होतात. ज्यांची दृष्टि अधूं झाली असेल त्यांनीं दुसरी खूण पाहावी. पतंगाच्या अळीमध्यें छातीचे पाय व पोटपाय यांच्या मध्यें मोकळी जागा स्पष्ट दिसते. काळ्या अळीमध्यें पायांची रांग जवळजवळ अखंड दिसते. भिंगांतून पाहिल्यास आणखी एक भेद कळतो : पतंगाच्या अळीच्या पोटपायांस सूक्ष्म आंकडे असतात, हिच्या पायांस ते नसतात, आणि हिच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूस ठळक असा एकच डोळा असतो.

स्वभावावरूनही ती ओळखूं येते. पानास धक्का लागतांच ती अंग वळवून जमिनीवर पडते व मेल्यासारखी पडून राहते. आणि ती सकाळीं व सायंकाळीं खाते. उन्हाच्या वेळीं दडून बसते. पुष्कळ शेतकरी दुपारीं शेत पाहतात, त्यांस पानें कुरतडलेलीं दिसतात पण अळी दिसत नाहीं, आणि मग नाकतोड्यावर किंवा दुसऱ्या कोणावर आळ येतो. उडद्या भुंगेरे पानांस बारीक गोल भोकें पाडतात. रात्रीं रोप बुडाशीं कापून आडवें करणारी ती कुरतडणारी अळी, व ती पतंगाची असते. काळी अळी रोप कापीत नाहीं. ती पानास प्रथम भोकें पाडते व मग कडेपासून मधल्या शिरेकडे खात जाते. यासाठीं दंव पुरतें वाळण्यापूर्वीं शेत फिरून पाहावें, हें उत्तम.

जीवनक्रम

कोणत्याही किडीचा बंदोबस्त करावयाचा तर ती केव्हां कोठें असते, हें आधीं जाणलें पाहिजे. काळी अळी ही हिंवाळ्याची कीड आहे. ऑक्टोबरच्या आरंभीं माश्या जमिनींतून बाहेर पडतात. मादी पानांच्या कडांस चिरा पाडून एकेका चिरेंत एकेक याप्रमाणें सुमारें ३० ते ३५ अंडीं घालते. अंडीं पानाच्या आंत असल्यामुळें वरून सहज दिसत नाहींत. तीं ४ ते ८ दिवसांत फुटतात. अळी हवामानाप्रमाणें १६ ते ३५ दिवस खाते, आणि या मुदतींत अनेक वेळां कात टाकते. वाढ पुरी झाली म्हणजे ती जमिनींत शिरून आपल्याभोंवतीं रेशमी कोष विणते. हा कोष असा घट्ट असतो कीं त्यांत पाणी शिरत नाहीं. त्यांतून ११ ते ३१ दिवसांनीं माशी निघते. अशा रीतीनें ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दोन ते तीन पिढ्या होतात.

मार्चनंतर काय होतें, तें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उन्हाळा लागला म्हणजे शेवटच्या पिढीचे कोष जमिनींतच निद्रिस्त पडून राहतात, व पुढील ऑक्टोबरांत माश्या होऊन बाहेर येतात. म्हणजे यंदाच्या मुळ्यावर जी कीड दिसते, तिचें बीज गेल्या हंगामांत त्याच किंवा शेजारच्या वाफ्यांत पुरून ठेविलेलें असतें. आपण तिला आभाळांतून पडली असें समजतों. ती वस्तुतः आपल्याच मातींतून वर आलेली असते.

नुकसानीचें स्वरूप

या किडीचें भय मुख्यतः रोपावस्थेंत, पहिल्या तीन-चार आठवड्यांत असतें. चार पानांच्या रोपाचीं तीन पानें गेलीं तर तें रोप पुन्हां डोकें वर काढीत नाहीं, व दुबार पेरणीची पाळी येते. मोहरीच्या बाबतींत हा उशीर आणखी महाग पडतो. कारण उशिरां पेरलेल्या मोहरीवर फुलोऱ्याच्या वेळीं मावा अधिक पडतो. म्हणजे एका किडीनें केलेली खोट दुसरी कीड दुप्पट करते. मुळ्याची गोष्ट निराळी. त्याचीं पानेंही भाजीस जातात. म्हणून पानांस भोकें पडलीं कीं कंद चांगला असूनही जुडीस भाव येत नाहीं. बियाण्यासाठीं किंवा डिंगऱ्यांसाठीं राखलेल्या मुळ्याचीं पानें खाल्लीं गेलीं तर झाड दुबळें होतें व शेंगा थोड्या धरतात. पीक एकदां जोमानें वाढून गेलें म्हणजे मात्र थोड्याशा अळ्यांनीं फारसें बिघडत नाहीं. तेव्हां फवाऱ्याची घाई करण्याचें कारण नाहीं.

उपाय : पेरणीपूर्वीं

सर्वांत स्वस्त उपाय उन्हाळी नांगरट हा होय. हंगाम संपल्यावर मोहरी-मुळ्याच्या शेतांत खोल नांगरट करून ढेकळें उन्हांत तापूं द्यावीं. त्यामुळें कोष वर येतात, कांहीं उन्हानें मरतात, कांहीं साळुंक्या व इतर पक्षी वेंचतात. ज्या वाफ्यांत कीड फार झाली असेल तेथें लागोपाठ मुळा, मोहरी वा कोबी घेऊं नये. मेथी, कांदा, हरभरा असें निराळ्या वर्गांतील पीक घ्यावें. बांधावर व पाटाच्या कडेला आपोआप उगवलेली मोहरी व जुने मुळे उपटून टाकावे, कारण नवीन पीक उगवेपर्यंत माशीचा गुजारा त्यांवरच होतो. मोहरीची पेरणी हंगामाच्या आरंभींच उरकावी.

कोबीच्या शेतांत चौकोनी ठिपक्यांच्या पतंगास भुलविण्यासाठीं मोहरीच्या ओळी सापळा म्हणून लावण्याची पद्धत चांगली आहे. परंतु या ओळी काळ्या अळीसही आमंत्रण देतात. म्हणून त्या लावून विसरून जाऊं नयेत. आठवड्यांतून दोनदां तपासाव्या. त्यांवर दोन्ही जातींच्या अळ्या एकत्र सांपडतात, आणि पाय मोजण्याचा सराव करण्यास याहून चांगली शाळा नाहीं.

उपाय : रोपावस्थेंत

लहान क्षेत्रांत हातानें वेंचणें हा उपाय आजही सर्वांत भरंवशाचा आहे. सकाळीं लवकर किंवा सायंकाळीं उथळ घमेल्यांत पाणी व त्यांत थोडें रॉकेल अथवा साबण घालून घ्यावा, घमेलें रोपाखालीं धरावें व रोप हलकेंच झटकावें. धक्का लागतांच पडण्याची जी अळीची खोड तिच्या बचावासाठीं आहे, तीच येथें तिच्या नाशास कारण होते. घरांतील मुलांनींही हें काम सहज करावें. प्रत्येक वाफा एक दिवसाआड असा तीन-चार वेळां झटकला तर दहा-वीस गुंठ्यांस बहुधा दुसरा उपाय लागत नाहीं.

पाण्याची पाळी हाही एक उपायच आहे. रोपें लहान असतांना वाफे भरून पाणी दिल्यास जमिनीवर पडलेल्या व दडलेल्या पुष्कळ अळ्या बुडून मरतात. पाळीच्या दिवशींच रोपें झटकलीं तर एका कामांत दोन कामें साधतात. परंतु कोषांत गेलेली कीड पाण्यानें मरत नाहीं, हें मागें सांगितलेंच आहे. म्हणून हा उपाय अळ्या दिसूं लागतांच करावा, उशिरां नव्हे. पानांवर राख धुरळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिनें अपाय नाहीं, पण कीड वाढली असतां केवळ राखेवर विसंबून राहूं नये.

इंग्लंडांतील एक गोष्ट या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. १७८२ च्या सुमारास नॉरफोक परगण्यांत वर सांगितलेल्या सलगमावरील बहिणीनें असा कहर केला कीं हजारों एकर पीक मोडून टाकावें लागलें. विल्यम मार्शल नांवाच्या शेतीविषयक लेखकानें त्याची हकीकत १७८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापविली. त्या काळीं तेथील शेतकरी अळ्या खाण्यासाठीं बदकांचे कळप शेतांत सोडीत. आपल्याकडे ज्यांच्या घरीं कोंबड्या असतील त्यांनीं रोपें मोठीं झाल्यावर व पीक निघाल्यावर त्या शेतांत सोडाव्या. कोंवळ्या रोपांत मात्र सोडूं नयेत, कारण त्या पानांवरही चोंच मारतात.

निंबोळीचा अर्क

कीड हातानें आवरण्याच्या पलीकडे गेली असल्यास निंबोळीचा ५ टक्के अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांचें ५ किलो चूर्ण १० लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावें. सकाळीं ढवळून फडक्यांतून पिळून गाळून घ्यावें. एक लिटर पाण्यांत २०० ग्रॅम साबणाचा चुरा निराळा विरघळवून त्यांत मिसळावा, व एकंदर १०० लिटर भरेल इतकें पाणी घालावें. हा अर्क त्याच दिवशीं संपवावा, व ऊन उतरल्यावर फवारावा. कारण उन्हानें त्याचा गुण लवकर जातो. फवारल्याबरोबर अळ्या पटापट मरून पडतील अशी अपेक्षा ठेवूं नये. निंबोळीनें अळीचें खाणें कमी होतें व कात टाकण्यांत बिघाड होतो. म्हणून परिणाम दोन-तीन दिवसांनीं पाहावा व अळ्या लहान असतांच हा उपाय करावा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडीं फुकट मिळतात. त्या वेळीं पोतें-दोन पोतीं वाळवून ठेवणारास हिंवाळ्यांत बाजार गांठावा लागत नाहीं. तमिळनाडू कृषि विद्यापीठानें याच अळीसाठीं कारल्याच्या बियांच्या तेलाचें दुधाळ मिश्रणही सुचविलें आहे. त्यानेंही अळी खाणें सोडते.

कोणतें औषध वापरूं नये?

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. बीटीचें जें औषध पतंगांच्या अळ्यांसाठीं मिळतें, त्यांतील विष पतंगवर्गी अळीच्या आंतड्यांतच काम करतें. काळ्या अळीवर तें चालत नाहीं. घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएनपीव्ही, हा त्या एकाच जातीचा शत्रु आहे. कामगंध सापळ्यांत त्या त्या जातीच्या पतंगाचे नर येतात. करवती माशी त्यांकडे फिरकणारही नाहीं. हीं सर्व साधनें आपापल्या जागीं उत्तम आहेत. वैद्याचें औषध गुणकारी असलें तरी दुसऱ्याच्या रोगाचें औषध आपणांस लागू पडत नाहीं, तसेंच हें.

रासायनिक विषाचा उपयोग अगदीं शेवटीं करावा. एके काळीं या किडीवर शिशाचें आर्सेनेट व पुढें डीडीटी आणि बीएचसी यांच्या भुकट्या सर्रास धुरळल्या जात. त्यांपैकीं डीडीटीचा शेतींतील वापर १९८९ सालीं व बीएचसी १९९७ सालीं आपल्या देशांत बंद करण्यांत आला. जुनी वही काढून त्यांतलें नांव दुकानांत सांगण्यापूर्वीं, तें औषध आज चालू आहे काय, हें विचारून घ्यावें. आपल्या विभागाच्या कृषि विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारस पाहावी, डब्यावर पिकाचें नांव आहे कीं नाहीं तें वाचावें, आणि फवारणीनंतर काढणीपूर्वीं किती दिवस थांबावयाचें तेंही पाहावें. मुळ्याचा पाला व मोहरीची भाजी हीं पानेंच आपण खातों व मुलांस खाऊं घालतों. ज्या वाफ्याची जुडी आठवड्यांत बाजारीं जावयाची, त्यावर विष मारूं नये.

मोहरी फुलावर आली असतां आणखी एक सावधगिरी घ्यावी. करवती माशी व मधमाशी एकाच गोत्रांतल्या आहेत. जें विष एकीस मारतें तें दुसरीसही सोडीत नाहीं, आणि मधमाश्या गेल्या तर दाणा भरण्यांत तूट येते. काळ्या अळीचे शत्रूही याच गोत्रांत आहेत : पेरिलिसस सिंगुलेटर नांवाची एक बारीक परोपजीवी माशी अळीच्या अंगांत अंडें घालून तिचा नाश करते. सरसकट विषानें हा फुकटचा राखणदारही मरतो.

सारांश

उन्हाळ्यांत नांगरट करून कोष मोडावे. ऑक्टोबरपासून मोहरी-मुळ्याचे वाफे सकाळीं लवकर पाहावे. अळी दिसतांच तिचे पाय मोजावे. सोळा किंवा त्यांहून कमी भरले तर ती पतंगाची. तिच्यासाठीं बीटी व तत्सम साधनें उपयोगीं पडतील. बावीस भरले तर ती काळी अळी; ती झटकून वेंचावी, वाफा पाण्यानें भरावा व निंबोळीचा अर्क फवारावा. रोपें पांच-सहा पानांचीं होईपर्यंत ही दक्षता राखली म्हणजे बहुतेक धोका टळतो. पाय मोजण्यास एक मिनिट लागतें आणि पैसाही लागत नाहीं. तें एक मिनिट न दिल्यामुळें या लेखकाचा दहा गुंठे मुळा व एक बाजार गेला. वाचकांपैकीं कोणाचा न जावो, एवढ्यासाठींच हा लेख लिहिला आहे.